मोकळं झालेलं चाक

“पस्तीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं, तिथे एका चाकाची काय बिशाद!” निवृत्त ग्रंथपालांनी ठणकावून सांगितलं. कुणाला? तर भिंतीला! बायको दोन महिने लेकीकडे होती आणि त्यांचं ऐकून घ्यायला घरात भिंतीशिवाय कुणी उरलं नव्हतं.

बायकोचं जुनं शिलाई मशीन अडून बसलं होतं. हाताच्या चाकामधलं बटण सैल केलं, की चाक नुसतं फिरावं आणि सुई थांबावी, म्हणजे बॉबिनवर दोरा भरता येतो. पण आतलं तेल सुकून गोंदासारखं झालं होतं. बॉबिन भरायला घेतली की सुईही नाचायची! मशीन दुरुस्त झालं की ती धावत येईल, असा ग्रंथपालांचा बेत. ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ असं फोनवर म्हणायला जीभ रेटत नव्हती. त्यापेक्षा स्क्रूड्रायव्हर चालवणं सोपं!

बारीक स्क्रू निघाला, बटण निघालं, मागून चपटा वायसर, मग चाक. प्रत्येकाला त्यांनी क्रमांकाची चिठ्ठी लावली. सगळं रॉकेलने पुसलं, तेल दिलं आणि उलट क्रमाने बसवलं. फक्त वायसरची कुठली बाजू बाहेर, हे लिहायचं राहिलं होतं. पुस्तकांना ते कधी लिहावं लागलं नव्हतं!

चाक भिंगरीसारखं फिरलं. सुई ढिम्म! बटण आवळलं, पिळलं, शेवटी हात जोडले. सुई ढिम्मच!

नाइलाजाने फोन लावला.

“बाबा, आईचं मशीन उघडलंत?” लेक किंचाळली. “आई गं, बाबांनी तुझं मशीन मारलं!”

बायको फोनवर आली. “आधी रडू नका बघू.”

“मी कुठे रडतोय? डोळ्यात रॉकेल गेलंय.”

“बटण काढा. वायसरच्या भोकाला आतून दोन कान आहेत. ते तुमच्याकडे वळलेत का?”

“नाही गं. पाठ फिरवून बसलेत.”

“मग वायसर उलटा करा. अहो, हळू! आता बटण आवळा आणि फिरवा चाक.”

टक्, टक्, टक्. सुई खाली-वर, खाली-वर! बटण सैल केलं, सुई थांबली. पुन्हा आवळलं. टक्, टक्. दोन महिन्यांनी घरात तो आवाज झाला होता.

“जमलं की हो तुम्हाला!” ती म्हणाली.

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदाच! ग्रंथपालांची छाती फुगली.

“बरं झालं बाई. मशीन मेकॅनिककडे न्यायला गुरुवारी येणार होते. आता कशाला धावपळ? राहते अजून महिनाभर.”

“अगं, पण... पायडलसुद्धा करकरतंय!”

“मग घाला तेल! तुम्हाला येतंय की आता सगळं!”

ग्रंथपालांनी घसा खाकरला. ‘ये’ म्हणायचं होतं. एकच अक्षर. ते ओठांपर्यंत आलंही.

“पायडलला,” ते म्हणाले, “किती थेंब घालू?”