सुभेदारकाका आणि आइस्क्रीमचा डबा

देवळाली कॅम्पातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये रोज संध्याकाळी एका स्टीलच्या डब्याची झडती व्हायची. झडती घेणारे सुभेदारकाका, तोफखान्याच्या लंगरातून, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातून, निवृत्त. आरोपी वरच्या मजल्यावरची सोनल, इयत्ता तिसरी. काका डब्याच्या कडेवरून बोट फिरवायचे, तो उजेडात धरायचे आणि उसळीचा एक दाणा सापडला तरी जिन्यात गर्जना, "राशन बरबाद, जवान बरबाद!"

जवानाचे पुढचे दोन दात पडलेले होते.

सोनलचे बाबा सीमेवर. आई वैशालीताई नर्स, सकाळी सहालाच घराबाहेर. म्हणून सोनलच्या शाळेच्या डब्याचं खातं काकांनी घेतलं. कुणी दिलं नव्हतंच.

मी त्या काळी 'कचरा न करणारा डबा' अशी पत्रकं शाळांच्या फाटकावर वाटायचे. पालक ती घ्यायचे आणि त्यातच पोळी गुंडाळून द्यायचे! सकाळी स्वतःच्या हाताने दप्तरात वेफर्सचं पाकीट कोंबायचं आणि संध्याकाळी विचारायचं, "आमचा बंड्या जेवत का नाही हो?" जेवेल कसा? पाकिटातली अर्धी हवा त्याच्या पोटात आहे.

माझं पत्रक शब्दशः पाळणारा माणूस अख्ख्या कॅम्पात एकच निघाला, आणि त्याने ते वाचलेलंच नव्हतं. थालीपीठ, मोडाची मटकी, गाजर, हंगामात चार द्राक्षं. फॉइल नाही, पिशवी नाही. जुन्या वर्दीचा शिवलेला रुमाल. सोनलने एकदा नूडल्स मागितल्या.

"दोरे खायचे तर शिंप्याकडे जा," काका म्हणाले.

प्लास्टिक म्हणजे तर शत्रुराष्ट्र. वैशालीताईंनी एकदा आइस्क्रीमचा रिकामा डबा पुढे केला.

"ताई, ह्यात मी खिळेसुद्धा ठेवणार नाही!"

मग वैशालीताईंची ड्यूटी बदलली, दहाची झाली. "काका, उद्यापासून डबा मीच करीन. फार त्रास दिला तुम्हाला."

"हां. ठीक. ड्यूटी काय, बदलतेच."

दुसऱ्या संध्याकाळी काका सवयीने जिन्यात उभे. सोनल "काका, टाटा!" करून वर पळाली. काकांच्या ओट्यावर सवयीनेच भिजवलेली मटकी होती. तिचे मोड बोटभर वाढले, ती वास मारू लागली. राशन बरबाद होत होतं आणि जिन्यात गर्जना नव्हती.

रविवारी वैशालीताईंनी गुलाबजाम पाठवले. कशात? त्याच आइस्क्रीमच्या डब्यात! मी दारात उभी राहून स्फोटाची वाट बघत होते. काकांनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

सोमवारी सकाळी तोच डबा घेऊन ते जिना चढताना दिसले. आत गरम थालीपीठ.

"काका, प्लास्टिक?" मी विचारलं.

"दुसऱ्याचं भांडं आहे. रिकामं परत करतात का?"

वैशालीताईही चांगल्या वळणाच्या. त्यांनी डबा शिरा भरून धाडला. काकांनी उसळ भरून चढवला. माझ्या पत्रकात 'प्लास्टिक दिसेल तिथे टोका' असं ठळक छापलेलं होतं. मी जिन्यात भिंतीकडे बघत राहायचे.

पंधरवड्यात झाकण तडकलं. काका त्याला सुतळी बांधत होते, तेव्हा वैशालीताई खाली आल्या.

"अहो, टाकून द्या तो. मला परत नकोय."

काकांचा हात थांबला. मग त्यांनी सुतळी आणखी आवळली. "असं कसं? तुमचं भांडं आहे, ताई. परत तर करावंच लागेल."

वैशालीताईंनी गाठीकडे पाहिलं, मग काकांकडे.

"मग आठच्या आत आणत जा," त्या म्हणाल्या. "सोनलची शाळेची रिक्षा तेव्हा येते."