पारूबाईंचं म्हणणं

पालमला मन्मथअप्पांच्या दुकानात कापड घ्यायचं तर दोघांची पसंती लागायची. एक आपली, दुसरी त्यांच्या मुलीची. मुलगी पाच वर्षांची, आणि तिला एक शब्दही बोलता येत नव्हता.

"थांबा, आमच्या पारूबाईला इचारतो," म्हणून अप्पा ताग्यांच्या ढिगाकडं वळायचे. पारू तिथं मांडी ठोकून बसलेली. अप्पा विचारायचे आणि बराच वेळ गप्प राहायचे. गिऱ्हाइकानंही गप्प राहायचं. मग मान डोलवत सांगायचे, "बाई म्हनायलीय, तुमाला हिरवं शोभंना."

निजामाच्या अमलातली ती वर्षं. मी नवी नवरी होऊन अप्पांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं सारखं ऐकू यायचं. मला वाटलं, बायकोशी बोलतात. नंतर कळलं, बायको तापानं गेली तेव्हा पारू रांगतही नव्हती.

पारूचं सगळंच उशिरा. बसली उशिरा, चालली तिसऱ्या वर्षी. हट्ट तेवढा वेळेआधी आला होता. अप्पांनी हकीम केले, पिराला चादर घातली. राणीसावरगावच्या वैद्यांनी मधात वेखंड उगाळलं आणि जिभेला चोळायला तिच्या तोंडात बोट घातलं. पारूनं ते दातात असं धरलं की वैद्यांची किंकाळी पार वेशीपर्यंत गेली.

"औषिदाला गुन हाय, वैद्यबुवा," अप्पा म्हणाले, "तुमची वाचा कशी खणखणीत झाली!"

मला मात्र ते सांगायचे, "फिकीर नका करू, वैनी. तिचं समदं यायलंय. जरा सावकाश यायलंय, इतकंच."

एका बाजाराच्या दिवशी मी चोळीचं कापड बघत होते. गंगाखेडच्या सरकारी कचेरीतून आलेल्या एका पेशकारांनी शेरवानीसाठी भारीतला तागा पसंत केला, आणि पारू नेमकी त्यावरच आडवी झाली. समजावलं, गूळ दाखवला, उठेना. शेवटी अप्पांनी हात जोडले. "हुजूर, माफी असावी. मालकीन नको म्हनायलीय."

"मालकीन गूंगी, और तू दीवाना!" म्हणत पेशकार तरातरा निघून गेले.

'गूंगी' ऐकलं आणि अप्पांचा चेहराच उतरला. ते पारूवर कधी नव्हे ते ओरडले, "एकदा तरी बोल की गं! एकदा!"

पारू ताग्यावरून उठली. ते तागा गुंडाळायला वळले, आणि मीही पसरलेले तुकडे गोळा करू लागले. मान वर केली तर पारू नव्हती.

आम्ही दोघं धावलो. हाक मारून काय उपयोग? तिला ओ देता येत नव्हती. कुणी 'कुणाची गं तू?' विचारलं तरी सांगता येत नव्हतं. अप्पा अनवाणी, डोक्याचा रुमाल सुटलेला, विहिरीत वाकून बघत होते, गाड्यांखाली शिरत होते. तोंडातून शब्द म्हणून निघत नव्हता. तेवढ्या बोलक्या माणसाला तसं पाहून मीच दिसेल त्याला पारूचं विचारत सुटले.

बैलबाजारात एक घोगरा आवाज आला. "न्हाई!"

अप्पा तसेच पुढं गेले. मी थांबले. एका गाडीआड एक शेतकरी हरवलेल्या पोरीला चावडीवर न्यायला उचलत होता, आणि पोर चाकाला मिठी मारून ओरडत होती, "न्हाई! न्हाई!"

ती पारू होती. मी अप्पांना ओढून आणलं. पाच वर्षं तिच्या वतीनं बोललेल्या माणसाला तिचा आवाज ओळखू आला नव्हता.

ते तिच्यासमोर मातीत फतकल मारून बसले. "घरी यायचं?"

"न्हाई."

"गूळ खातीस?"

"न्हाई."

"पेशकाराला कापड द्यायचं?"

"न्हाई!"

"बघा वैनी! म्या काय सांगत व्हतो!"

शेतकरी हसायला लागला, मीही पदरानं डोळे पुसत हसले. अप्पा विचारतच राहिले. शेंगा देऊ का, गाडीत बसतीस का, हा बैल घ्यायचा का. प्रत्येक 'न्हाई'ला खदखदून हसत होते.

मग हसणं थांबलं. तिच्या पायांची धूळ झाडत त्यांनी हळूच विचारलं, "मगाशी वरडलो तुज्यावर. राग धरलीस का गं, माय?"

पारू कितीतरी वेळ त्यांच्याकडं बघत राहिली.

"न्हाई," ती म्हणाली.

त्यानंतर त्या दिवसभर अप्पांनी तिला काहीच विचारलं नाही.