बादलीतलं खत

चहाचा कप ठेवायला शिंपी ओट्याशी गेला आणि जागीच थबकला. बायकोची बरणी ओट्यावर पालथी घातलेली होती. लखलखीत आणि रिकामी.

"आई, यातलं काळं पाणी कुठंय?"

"ते होय?" फरशी पुसणाऱ्या सासूबाईंनी मान वर केली. "बघवेना हो जावईबापू. ओतलं या बादलीत. चांगली काचेची बरणी, कशाला अडकवून ठेवायची?"

ते काळं पाणी म्हणजे त्याच्या बायकोची सगळी मेहनत. ती खतांवर संशोधन करायची. डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक लोहाचे कण तिने तयार केले होते. शेतातून पाण्याबरोबर वाहून गेलेलं खत हे कण धरून ठेवत. मग लोहचुंबकाने कण ओढून घ्यायचे आणि खतासकट पुन्हा मातीत घालायचे. शिंप्याला यातलं रसायनशास्त्र कळत नसे, पण बायकोचं त्याला भारी कौतुक. घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेताघेताही तो तिचंच पुराण लावी.

आज तिच्या प्रयोगशाळेत मोठे साहेब तपासणीला येणार होते आणि ती आंघोळीला गेली होती. रिकामी बरणी बघून तिचा जीवच जाईल, म्हणून त्याने तात्पुरती सोय केली. बरणीत पाणी भरून कापड रंगवायचा काळा रंग चिमूटभर टाकला. बाहेर आली की हळूच सांगू! पण ती बाहेर आली तीच "उशीर झाला!" म्हणत, आणि बरणी उचलून गेलीसुद्धा.

"आई, बादली द्या!"

"अहो, अर्धी फरशी राहिलीय!"

बादली घेऊन तो धावत सुटला. बसमध्ये कंडक्टरने डोळे वटारले. "पाणी सांडलं तर तुम्हीच पुसायचं."

"पुसायचंच पाणी आहे हे," शिंपी काकुळतीने म्हणाला.

प्रयोगशाळेत तो पोचला तेव्हा बायको बरणीला लोहचुंबक लावून घामाघूम झाली होती. पाणी ढिम्म हलत नव्हतं. साहेब चष्म्यावरून बघत होते.

"ते खोटंय!" गुडघ्यापर्यंत भिजलेला शिंपी दारातूनच ओरडला. "खरं या बादलीत आहे."

सगळे बादलीत डोकावले. धूळ, केस, साबणाचा फेस. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण क्षणभरच. मग काही घडलंच नाही अशा थाटात तिने बादलीतलं पाणी पेल्यात घेतलं आणि लोहचुंबक लावला. काळे कण हळूहळू पेल्याच्या एका कडेला गोळा झाले. शिंपी तोंडाचा आ वासून बघतच राहिला. इतके दिवस नुसतं ऐकलेलं आज डोळ्यांसमोर घडत होतं!

साहेबांनी ते कण तपासायला लावले. साबणातला फॉस्फेटही त्यांना चिकटला होता, म्हणजे खतात असतो तोच.

"शाबास!" साहेब खुलले. "स्वच्छ पाण्यात कुणीही करून दाखवतं. मळक्या पाण्यात दाखवायची हिंमत तुम्हीच केलीत. आता असंच पाणी आणखी आणा, म्हणजे पुढच्या चाचण्या करू."

संध्याकाळी दोघांनी आनंदाने घरी सांगितलं. सासूबाईंचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझ्या लेकीच्या घरची घाण साहेबांना दाखवून आलात? सांगा त्यांना, आता या घरात मळकं पाणी औषधालासुद्धा मिळायचं नाही!" आणि त्या तरातरा निघून गेल्या.

"आता गं?" शिंपी कुजबुजला.

"तुझं दुकान आहे ना," बायको हसली. "तिथे कुठे आईचा हात फिरलाय?"

तेवढ्यात दुकानातून फरशी खसाखसा घासल्याचा आवाज आला.