एकने घट

राज्याच्या साथरोग कक्षात रोजचा तक्ता करणाऱ्या बाईंना सगळे तपशीलबाई म्हणत, कारण फोन उचलला की ‘हॅलो’च्या जागी त्या ‘तपशील द्या’ म्हणत. चाचण्या किती, बाधित किती, बरे किती, मयत किती असे चार रकाने. सगळ्या जिल्ह्यांची बेरीज जुळवून दुपारी चारला तो तक्ता वेबसाइटवर चढायचा. त्या दिवशी सकाळी संचालकांनी सहज विचारलं, “बाई, आकडे नीट आहेत ना?”

“साहेब,” बाई म्हणाल्या, “माझ्या तक्त्यात एक वेळ मुंगी शिरेल, चूक शिरायची नाही.”

दहा मिनिटांत फोन वाजला.

“तपशील द्या.”

“काल मी वारलो,” पलीकडून एक म्हातारा आवाज म्हणाला. “त्याबद्दल जरा बोलायचं होतं.”

हे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करायचे. पंधरा दिवसांपूर्वी चाचणीत बाधित निघाले, चार दिवस ताप आला, घरच्या घरी उतरला. आणि काल दुपारी त्यांना इस्पितळातून फोन आला की तुमचे रुग्ण वारले.

“मी विचारलं, कोण वारलं? तर माझंच नाव घेतलं. म्हटलं, अहो, मीच बोलतोय. त्यावर ती मुलगी म्हणाली, आम्ही तुमचं दुःख समजू शकतो. आणि ठेवला फोन.”

“घरात आणखी कोण आहे तुमच्या?”

“बायको आहे. ती म्हणते, सरकारी माणसं बोलताहेत म्हणजे काहीतरी असेलच. सकाळी शेजारी दारासमोर उभे राहून, हात जोडून गेले. मी खिडकीतून उलट हात जोडले, तर एक जण धूम पळाला. बाई, मला घराबाहेर पडायची चोरी झालीय.”

बाईंनी नोंद काढली. नाव, वय, गल्ली, फोन, सगळं त्यांचंच, आणि नाव मयतांच्या रकान्यात. त्या वेळी इस्पितळाला एक फोन करायला हवा होता. पण पांढऱ्या साडीवर शाई सांडावी तसं त्यांना झालं होतं. डाग आधी धुवायचा, शाई कुठून आली ते मागाहून. त्यांनी घड्याळवाल्यांना बरे झालेल्यांत नेलं, मयतांचा आकडा १२०४ वरून १२०३ केला आणि चार वाजण्याची वाटही न पाहता खाली ओळ टाकली: ‘एक नोंद चुकीची आढळल्याने एकूण मृत्यूंत एकने घट.’

अर्ध्या तासात संचालक दारात आले. “बाई, माणूस जिवंत केलात म्हणे? पत्रकार विचारताहेत.”

पत्रकारांचं संचालकांनी परस्पर निस्तरलं. पण मग दुसरेच फोन सुरू झाले.

“माझी आई गेल्या महिन्यात गेली,” एक माणूस म्हणाला. “तुम्ही एक नाव कमी केलंत ना? कुणाचं ते?”

“ते पुरुषाचं नाव आहे.”

“नक्की?”

“हो.”

“पुन्हा एकदा बघता का?”

बाईंनी पुन्हा बघितलं. नव्हतंच. दुपारपर्यंत असे एकेचाळीस फोन आले. कुणाचा भाऊ, कुणाची नात. एक शाळामास्तर म्हणाले, “मला ठाऊक आहे हो, बायकोचं शेवटचं सगळं मीच केलंय. तरी म्हटलं, विचारून ठेवावं.” त्यांच्यासाठीही बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. ‘तपशील द्या’ म्हणणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. जेवणाची वेळ टळून गेली तरी त्यांना भूक नव्हती.

बेचाळिसावा फोन विचारायला नव्हता.

“आभार मानायला केला हो फोन,” एक बाई मोकळेपणानं म्हणाल्या. “आमच्या गल्लीतल्या घड्याळवाल्यांचं तुम्ही दुरुस्त केलंत, बरं झालं. आमच्या ह्यांचं नावही तेच, आडनावही तेच. त्यांना थोरले म्हणतात, ह्यांना धाकटे. सकाळपासून लोक चुकून माझ्याकडे बघून हळहळत होते.”

तपशीलबाई खुर्चीत सावरून बसल्या. “आणि तुमचे हे?”

“इस्पितळात. आज बारावा दिवस.”

“बोलणं झालं त्यांच्याशी?”

“फोन बंद पडलाय त्यांचा. पण डबा रिकामा येतोय ना रोज. काल आला, आजही आला. म्हणजे जेवताहेत व्यवस्थित.”

“मी पाच मिनिटांत करते तुम्हाला फोन,” एवढंच तपशीलबाई म्हणाल्या.

वॉर्डातल्या सिस्टरनी कागद बघून सांगितलं. काल सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, नऊ नंबरच्या खाटेवर धाकटे गेले; त्या वेळी त्या जवळच होत्या. भरती करताना कुणीतरी नाव टाकून जुनी नोंद उघडली, ती थोरल्यांची. “घरी कळवलं होतं आम्ही. पण ते म्हणाले, मी जिवंत आहे. आम्हाला वाटलं, धक्क्यानं बोलताहेत.”

“आणि डबा?”

“डब्यावर खाटेचा नंबर असतो. दहा नंबरच्या आजोबांचं कुणी नाही. अन्न परत कसं पाठवायचं, म्हणून त्यांना दिला.”

नियमाप्रमाणे ही बातमी जिल्ह्यानं कळवायची असते. बाईंनी जिल्ह्याला सांगितलं नाही. घाईघाईनं माणूस वजा आपण केला होता. सांगणंही आपल्यालाच भाग होतं. त्यांनी नंबर फिरवला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. वेळ सांगितली. सिस्टर जवळ होत्या, हेही सांगितलं. चूक कुणाची आणि त्यातली आपली कुठली, तेही.



“काल सकाळी,” त्या बाई म्हणाल्या. “म्हणजे डबा भरला तेव्हा ते नव्हतेच.”

“नव्हते.”

“मग खाल्ला कुणी?”

बाईंनी आजोबांचं सांगितलं.

“दोन्ही दिवस सगळं संपवलं त्यांनी?”

“हो.”

मग नाक ओढल्याचा आवाज आला. “ह्यांना जेवण तिखटच लागायचं. मी आपली तसंच करत होते. विचारा त्या आजोबांना, तिखट चालतं का म्हणून. आज-उद्या काही माझ्यानं व्हायचं नाही, पण परवापासून पाठवीन.”

चारला तक्ता चढला. संचालकांनी तो उभ्या उभ्या बघितला: आज नवा मृत्यू नाही, एकूण मयत १२०४. त्यांचा जीव भांड्यात पडला. “म्हणजे आपला सकाळचा आकडा बरोबरच होता की, बाई.”

बाईंनी नुसतं बोट वर करून त्यांना थांबवलं. वॉर्डाचा फोन लागला होता, आणि सिस्टर आजोबांना विचारायला गेल्या होत्या.