पद्मजा तायडेचा दोष

आमच्या आसरखेडात कुणी कुणावर हल्ला केला की त्या जागी एक दोष जन्माला येतो. दिसायला करड्या वासरासारखा, आवाज नाही, खायला मात्र ताजी भाकरी लागते. दोष समितीची माणसं येतात, त्याच्या गळ्यात दावं बांधतात आणि वाटणी करतात. निम्मा आठवडा मारणाऱ्याकडे, निम्मा मार खाणाऱ्याकडे. अन्याय कुणावरच नको, असा आमचा जुना शिरस्ता.

शाळेची रिक्षा चालवणाऱ्या पद्मजा तायडेने प्रल्हाद खर्चेला सांगितलं, की शाळेच्या फाटकातून मोटारसायकल काढ, पोरांना उतरायला जागा नाही. प्रल्हादने हेल्मेट स्वतःच्या डोक्यात कधीच घातलं नव्हतं. त्या दिवशी घातलं, ते पद्मजाच्या. तिला टाके पडले. फाटकाशी दोष उभा राहिला.

समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब भारंबे चौकशीला बसले.

"काऊन बाई, चारचौघात बोलाचं काय काम होतं?"

"मंग त्याच्या कानात सांगाले पाह्यजे होतं का?"

"पाहा, आताही आवाज चढूनच हाय," अण्णासाहेब म्हणाले, आणि वाटणी झाली.

ज्याच्या वाट्याला दोष, त्याच्या रिक्षात पोरं बसवायची नाहीत, असा शाळेचा नियम. पद्मजाची रिक्षा अंगणात उभी राहिली आणि दोष तिच्या सावलीत बसून भाकऱ्या खाऊ लागला. चूल त्या रिक्षावरच पेटत होती. प्रल्हादला काही फरक पडला नाही. बापाच्या पैशावर हिंडणाऱ्याच्या दारात दोष काय आणि म्हैस काय.

एक गोष्ट आम्ही सगळे वर्षानुवर्षं बघत होतो. मार खाणाऱ्याच्या घरी दोष न्यायचा तर दोन गडी लागत. तो पाय रोवून बसे, वाटेत आडवा पडे. मारणाऱ्याकडे परत जाताना मात्र दावं धरणाऱ्यालाच पळावं लागे. दोषाची जातच आडमुठी, असं आम्ही म्हणायचो आणि आपापल्या कामाला लागायचो.

पद्मजाने मात्र ते नीट पाहिलं. पुढच्या बैठकीला ती दोषाला घेऊनच चावडीवर आली.

"अण्णासायेब, याले मोकळा सोडून पाह्यला का कधी?"

"सोडाची प्रथा नाही."

"काऊन?"

अण्णासाहेबांनी सदस्यांकडे पाहिलं. सदस्यांनी पंख्याकडे पाहिलं. तेवढ्यात पद्मजाने दाव्याची गाठ सोडली.

दोषाने मान झटकली आणि तो चालू लागला. कुणाला विचारलं नाही, वळणावर अडखळला नाही. बाजारातून, देवळामागून तो थेट खर्चेंच्या माडीवर चढला आणि प्रल्हादच्या पलंगावर आडवा झाला. प्रल्हादने त्याला ओढला, ढकलला, शेवटी हातही जोडले. दोष हलला नाही. मला फार आनंद झाला, तो लपवण्यात अर्थ नाही.

मग गावात एकेक गाठ सुटू लागली. पद्मजाच्या शेजारी कमलाबाई राहतात. त्यांचा नवरा ताट फेकून मारायचा. घरातला मामला म्हणून समितीने तो दोष पूर्ण आठवडा कमलाबाईंच्याच वाट्याला दिला होता. त्यांनी दावं सोडलं. दोष घराबाहेर गेलाच नाही. ओसरीवर नवरा बसला होता, त्याच्या मांडीवर जाऊन बसला. कमलाबाई इतक्या हसल्या की गल्ली गोळा झाली.

संध्याकाळपर्यंत रस्त्याने दोषच दोष, आपापल्या घरी निघालेले. लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. एका आजोबांनी तर आपल्या दोषाला वाटेसाठी भाकरी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी पद्मजाची रिक्षा पोरांनी भरून निघाली. भारंबेंच्या दारासमोर तिला थांबावं लागलं, कारण रस्ता अडला होता. अंगणात, पायरीवर, तुळशीभोवती लहान लहान दोष बसले होते. अण्णासाहेबांच्या घरी कुणी कुणावर हात उगारल्याचं ऐकिवात नव्हतं; वाटण्या मात्र त्यांनी आजवर पुष्कळ केल्या होत्या. एकाच्याही गळ्यात दावं नव्हतं.

अण्णासाहेब कडेवर एक दोष घेऊन रस्त्यावर आले.

"पद्मजाबाई, यातला एखादा तुमचा तं नाही ना?"

पद्मजाने हँडल धरून एकेकाकडे नीट पाहिलं. दोषांनीही तिच्याकडे पाहिलं, आणि बाजूला सरकून रस्ता दिला.

"नाही अण्णासायेब," ती म्हणाली. "यातला माहा एकबी नाही."

आणि तिने हॉर्न वाजवला.