शकू अजून पास नाय

पुंजाकाकांनी दोन वर्षं एका बटणासमोर बसून काढली आणि ते बटण दाबलं नाही. बटण कॉम्प्युटरच्या पडद्यावर होतं. आता अवघड पातळीवर जा, असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं. काका रोज सकाळी आंघोळ करून, गंध लावून कॉम्प्युटर चालू करायचे, त्या बटणाकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, "शकू अजून पास नाय."

सातपूरला आमच्या घराला त्यांचं घर लागून होतं. मूळचे इगतपुरीकडचे. इथल्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्टर. म्हणजे दंडुकेवाले नव्हेत, मायक्रोमीटरवाले. मशीनवरून उतरलेला प्रत्येक नग त्यांच्या टेबलावरून जायचा आणि त्यातले बरेचसे परत जायचे. "कमी कापलं तर परत कापता येतं," ते सांगायचे. "जास्त कापलं की भंगार." माणूस वाईट नव्हता हो, पण पास हा शब्द त्यांच्या तोंडून काढणं महाकठीण. २००२ साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पहिल्याच आठवड्यात काकूंच्या भाकरीला व्हर्नियर लावला. एका कडेला दोन मिलिमीटर जास्त निघाली. काकूंनी तो व्हर्नियर कुठे दडवला ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही, पण त्यानंतर घरात कॉम्प्युटर आला.

कॉम्प्युटर जोडून देणाऱ्यानं त्यात एक खेळ टाकून दिला होता. गुहांमध्ये उतरायचं, राक्षस मारायचे, त्यांच्याकडून पडलेली चिलखतं आणि अंगठ्या उचलायच्या, ताकद वाढवायची. सुरुवातीला आपलं पात्र निवडावं लागतं. काकांनी भाला घेतलेली एक बाई निवडली आणि तिला नाव दिलं शकू. शकूताई ही त्यांची एकुलती एक मुलगी, चांदवडला कांद्याच्या मोठ्या बागायतदारांकडे दिलेली.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. काकांचं इंग्रजी कारखान्यातल्या ड्रॉइंगवर असतं तेवढंच, त्यामुळे प्रत्येक अंगठीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला मला हाक यायची. मी डिक्शनरी घेऊन बसायचे. खरं सांगते, कॉलेजात तीन वर्षांत झालं नाही तेवढं माझं इंग्रजी त्या चिलखतांनी सुधारलं.

शेवटचा दांडगा राक्षस मेला आणि ते बटण आलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पुढे हेच राक्षस तिप्पट जोरानं मारतील आणि तुमच्या अंगावरचं संरक्षण आपोआप कमी होईल. मी ते प्रामाणिकपणे मराठीत सांगितलं आणि तिथेच घोळ झाला.

"म्हणजे हितं पुरतं ते तिथं पुरत नाय?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही पुरत.

"मग तयारी करावी लागल," म्हणाले, आणि दोनशेपानी वही उघडली.

वहीत चार रकाने आखले. आग, थंडी, वीज, विष. प्रत्येकापासून शकूचं किती टक्के रक्षण होतं, ते रोजच्या रोज भरायचं. आग पंचाहत्तर, वीज पंचाहत्तर, विष सत्तर. थंडी मात्र अठ्ठावन्नवर जी अडली ती अडलीच. इगतपुरीचा माणूस, थंडीची चेष्टा त्याला चालणार नाही. थंडीवरच्या एका अंगठीसाठी ते त्याच त्या पहिल्या गुहेत शंभर वेळा उतरले. तिथल्या किरकोळ राक्षसांची मला दया यायला लागली. आणि शकूला जरा लागलं की काका धूम ठोकून तिला गावात आणायचे. गाव म्हणजे त्या खेळातला सुरक्षित तळ, तिथे राक्षस येत नाहीत. शकू एकदाही मेली नव्हती. मेली की संपलं, फाईल पुसली जाते, ही त्यांची ठाम समजूत. कुणाला विचारायची त्यांना गरज वाटली नाही आणि मला तरी काय माहीत होतं!

कॉलनीतले लोक भाजी आणता आणता विचारायचे, "काय पुंजाभाऊ, निघाली का पोरगी?"

"निघल. घाई काय हाय."

हे ऐकलं की काकू स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायच्या. का, ते मला एकदा मेथी निवडताना कळलं. शकूताई कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, तिला कॉम्प्युटरचा कोर्स करायचा होता. तेवढ्यात हे स्थळ आलं. तालेवार घर, काकांनी पंधरा दिवसांत लग्न लावून दिलं. वीस माणसांचं खटलं, नवरा थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर नाही, आणि ही माहेरी एकुलती एक, लाडाची. तीन महिन्यांनी ती एकटीच बॅग घेऊन आली. काकांनी तिला उंबऱ्यातच विचारलं, का आलीस? दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं स्वतः परत नेऊन सोडलं. तेव्हापासून ती दिवाळीला दोन दिवस यायची, विचारलं तेवढं बोलायची.

"तेव्हा काय मोजलं नाय त्यांनी," काकू म्हणाल्या. "आता बसलेत मोजत."

बी.ए. होऊन वर्ष झालं आणि मला बंगलोरला नोकरी लागली. इंग्रजीतून फोन घ्यायचे आणि लोकांच्या तक्रारी सोडवायच्या. आईनं कॉलनीभर पेढे वाटले. काकांनी मात्र वहीचं नवं पान काढलं, वर माझं नाव लिहिलं, वैशाली, आणि तेच चार रकाने आखले. थंडी : स्वेटर, कानटोपी. विष : ओवा, हिंग, बाहेरचं पाणी बंद. वीज : टॉर्च आणि दोन सेल. आग या रकान्यात त्यांनी बराच विचार करून लिहिलं, "वरचा साहेब." माझी बॅग दोनदा उपसली. शेवटी खाली लाल पेनानं 'पास' लिहिलं आणि सही ठोकली. मला इतका अभिमान पदवीच्या कागदाचाही वाटला नव्हता.

आणि तीन महिन्यांनी मी नापास झाले. समोरचा माणूस फोनवर भराभर बोलायला लागला की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. कंपनीनं सांगितलं, आम्ही तुम्हाला कायम करू शकत नाही. मी आठवडाभर हॉस्टेलवर पडून राहिले, घरी कळवलं नाही. पेढे खाल्लेल्या त्या सगळ्या लोकांसमोर कोणत्या तोंडानं जायचं? काकांच्या लाल सहीसमोर तर नाहीच नाही.

रविवारी हॉस्टेलच्या फोनवर काकांचा आवाज आला. "वैशू, शकूला पलीकडं नेली."

मी विचारलं, थंडी किती झाली?

"अठ्ठावन्नच. काकू म्हणली, तुम्ही दाबता का मी दाबू. दाबलं. पाच मिंटात मेली."

दोन वर्षांची त्यांची मेहनत माझ्या डोळ्यांसमोर होती.

"मी डोळे मिटून बसलो. उघडले तर गावात उभी. तीच, भाला घेऊन. थोडंफार गेलं, पण पोरगी शाबूत. मेलं की गावात आणून उभं करतात, वैशू. आन् गावात कुणी विचारत नाय, का आलीस म्हणून. मी उगाच भंगाराला भीत बसलो. उद्या चांदवडला चाललोय."

फोन ठेवला. माझ्याबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नव्हतं, त्यांना काही माहीतही नव्हतं. मी खूप रडले आणि मग बॅग भरली.

बुधवारी संध्याकाळी सातपूरला उतरले. आमच्या दाराची कडी वाजवायचा धीर होईना, म्हणून काकांची वाजवली. दार शकूताईनं उघडलं. तिच्यामागे खुंटीला तिची बॅग लटकत होती, रिकामी. काका आतून आले. त्यांनी मला पाहिलं, माझ्या हातातली बॅग पाहिली. मी सगळी उत्तरं पाठ करून आले होते.

"हातपाय धू," काका म्हणाले. "जेवायला बस."

जेवणानंतर आमच्या घरी मला तेच घेऊन गेले आणि आईनं तोंड उघडायच्या आत म्हणाले, "वहिनी, पोरगी आलीय, चहा टाका."

नंतर मला दुसरी नोकरी लागली, ती टिकली, संसारही झाला. जिथे जिथे आपटले तिथे तिथे उठले, ते त्या एका जेवणाच्या जोरावर. काकांचे हे उपकार मी त्यांना कधी नीट बोलून दाखवले नाहीत, म्हणून इथे सांगते.

शकूताईनं पुढे तिचा तो कोर्स केला. पण त्या पावसाळ्यात ती दुपारभर काकांच्या खुर्चीत बसून खेळायची आणि अवघड पातळीवर धडाधड मरायची. काका दाराबाहेरच्या ओट्यावर कोथिंबीर निवडत असायचे, वही बंद. आतून राक्षसाचा आवाज आला की मान न उचलता विचारायचे, "आली का गावात?"

"आले, आप्पा."