गाडी बसली नाही, बसवलीये!

गाडीचं सस्पेन्शन घरच्या घरी बदलण्यात कठीण काही नाही. चार चाकं काढायची, चार जुने शॉकअप काढायचे, चार नवे बसवायचे, चाकं परत लावायची. संपलं! बल्ब बदलण्यापेक्षा फार तर चौपट काम!

हे वाक्य मी जेवणाच्या टेबलावर, सासऱ्यांच्या देखत, पूर्ण शुद्धीत उच्चारलेलं आहे. आता नाकारून उपयोग नाही. बायको साक्षीला होती, आणि तिची स्मरणशक्ती कशी आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.

माझे सासरे शाळेचे मुख्याध्यापक. आडवंतिडवं भरदार शरीर, भारदस्त आवाज. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता स्वतः टकली झालीत, तरी रस्त्यात ते दिसले की खिशातले हात बाहेर काढतात. मीसुद्धा काढतो, आणि मी तर त्यांच्या शाळेतही नव्हतो! दोन आठवड्यांनी, शनिवारी, ते निवृत्त होणार होते. निरोप समारंभ होता, सगळी शाळा जमणार होती. बायको म्हणाली, "बाबांसाठी टॅक्सी सांगून ठेवते."

"टॅक्सी?" मी घास गिळला. "घरात स्पोर्ट्स कार असताना टॅक्सी?"

माझी स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दारांची, लालभडक, दुसऱ्याने हौस भागवून मला विकलेली. दिसायला चित्ता आणि चालायला बदक!

सासरे शांतपणे म्हणाले, "जावईबापू, मागच्या वेळी बसलो होतो तुमच्या गाडीत. उतरल्यावरसुद्धा जमीन हलत होती."

लागलं ना मनाला! तिथेच मी ते बल्बवालं वाक्य बोललो आणि त्याच रात्री कॉइलओव्हर मागवले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला दणकट दांडा. त्याच्यावर एक रिंग असते, ती फिरवली की गाडीची उंची कमी-जास्त होते. डोक्यावर एक गुंडी असते, ती फिरवली की गाडीची चाल बदलते. म्हणजे शर्ट जसा अंगाबरहुकूम शिवून घ्यावा तशी गाडी! या दोन गोष्टी नीट समजल्या की झालं. माझी गोष्ट त्या दोन गोष्टी नीट न समजण्याची आहे.

गॅरेजमध्ये गाडी उचलली, खाली स्टँड लावले, चाकं काढली. इथपर्यंत मी शिट्टी वाजवत होतो. मग गाडीखाली शिरलो आणि बायकोला टॉर्च धरायला बोलावलं. संसारात टिकून राहायचं असेल तर एवढं एक करू नका.

"टॉर्च इकडे धर."

"इकडे म्हणजे कुठे?"

"अगं, मी बघतोय तिकडे!"

"तू गाडीखाली आहेस. तू कुठे बघतोयस ते मला कसं दिसणार?"

"डावीकडे धर, डावीकडे!"

"माझ्या का तुझ्या?"

"गाडीच्या!"

ती टॉर्च माझ्या पोटावर ठेवून आत निघून गेली. त्या प्रकाशात मला माझं पोट फार स्पष्ट दिसलं, नट मात्र दिसला नाही.

जुने शॉकअप गंजून गाडीशी एकजीव झाले होते. मी पाना लावून लोंबकळलो, हातोडी मारली, स्प्रे मारला, शिव्या दिल्या. ढिम्म! तेवढ्यात शेजारचे दातांचे डॉक्टर कुंपणावरून डोकावले. त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली.

"काढताय?"

"निघत नाहीये हो!"

"हलतोय का?"

"जरासा."

"दुखतंय?"

"मला का त्याला?"

डॉक्टर बाह्या सरसावून आत आले. त्यांनी शॉकअप दोन्ही हातांनी धरला, पाय गाडीच्या अंगाला टेकवला, मला त्यांची कंबर धरायला सांगितली आणि असा काही हिसडा दिला की शॉकअप, डॉक्टर आणि मी तिघेही मागच्या कुंड्यांत जाऊन पडलो!

"मुळासकट आला!" डॉक्टर कुंडीतून आनंदाने ओरडले. आणि सवयीने म्हणाले, "आता अर्धा तास काही खाऊ नका."

उरलेले तीनही त्यांनीच उपटले. मी फक्त कंबर धरली. पण नवे मात्र मीच बसवले, एकट्याने! आठवडाभर रोज ऑफिसातून येऊन. आणि खरं सांगतो, घट्ट बसवले. त्या बाबतीत आजही कुणी बोट ठेवू शकणार नाही.

बोट ठेवायला जागा आहे ती पुढे.

खोक्यावर एका गाडीचं चित्र होतं, जमिनीला अगदी चिकटलेली, शिकारीवर झेप घ्यायच्या बेतात. मला तशीच हवी होती. मी रिंगा फिरवत गेलो, फिरवत गेलो, आणखी फिरतात का बघितलं, तर फिरल्या! मग गुंडी. तिच्या एका बाजूला अधिकचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला उणे. आता तुम्हीच सांगा, सासऱ्यांच्या बाबतीत कुणी उणे करील का? चारही गुंड्या अधिककडे, थेट शेवटपर्यंत! अधिक म्हणजे अधिक आराम, यात शंका कसली?

अधिक म्हणजे अधिक कडक. हे मला नंतर कळलं. फार नंतर.

शनिवारी सकाळी चाकं लावून गाडी खाली उतरवली. काय दिसत होती! बायको दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती.

"गाडी बसलीये का रे?"

"बसली नाही, बसवलीये!"

"अजून आत कुणी बसलेलं नाही. बाबा बसल्यावर काय होईल?"

"गाडी माणसं बसण्यासाठीच असते," मी म्हणालो.

तिला फुलं घेऊन पुढे जायचं होतं. जाता जाता ती थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, बाबा आयुष्यात कधी शाळेत उशिरा पोचलेले नाहीत. आज तरी सांभाळून आण."

"अगं, तू काळजीच करू नकोस!"

हे वाक्य मी ज्या ज्या वेळी बोललोय त्या त्या वेळी तिने काळजी करायला हवी होती.

सासरे सकाळीच आमच्याकडे येऊन तयार बसले होते. नवा राखाडी कोट, चकाकणारे बूट. आमच्या गाडीत ते चढले नाहीत, उतरले. आधी एक पाय, मग कोट, मग बाकीचे मुख्याध्यापक. ते टेकले आणि गाडीने त्यांच्या बाजूला खोल उसासा टाकला. मी तो ऐकला आणि न ऐकल्यासारखं केलं.

निघालो. आणि पहिल्याच वळणावर माझ्या लक्षात आलं की या गाडीतून रस्ता आता नुसता दिसत नाही, बुडाने वाचता येतो! चाकाखाली नाणं आलं असतं तर छापा वर आहे की काटा तेही सांगता आलं असतं.

"जा-व-ई-बा-पू," सासरे म्हणाले. त्यांचे शब्द सुटे सुटे बाहेर पडत होते. "र-स्ता ख-ण-ला-य का?"

"ना-ही बा-बा! न-वा-च के-ला-य!"

मग आला पहिला गतिरोधक. मी वेग कमी केला, तिरकी घातली, देवाचं नाव घेतलं. खालून असा आवाज आला की वाटलं, कुणीतरी गाडीचं पोट विळीवर धरलंय! मी मागे घेतली. पुन्हा पुढे घेतली. पुन्हा तोच आवाज. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"बाबा," मी समोर बघत म्हणालो, "जरा... उतरता का? वजन कमी झालं की जाईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उतरले. म्हणजे चढले. मी गाडी रिकामी पलीकडे नेली, ते चालत पलीकडे आले आणि पुन्हा आत उतरले.

"आता नाही ना?" त्यांनी विचारलं.

"आता कशाला असेल?"

पुढच्या चौकात होता! त्याच्या पुढेही होता! शाळा जसजशी जवळ यायला लागली तसतसे गतिरोधक दाट व्हायला लागले. सासरे उतरत होते, चालत होते, बसत होते. फूटपाथवरून जाणारे पालक थांबून नमस्कार करत होते, "सर, गाडी बंद पडली का?" सर म्हणत होते, "नाही. चालू आहे." आणि गाडीच्या मागून चालत होते.

"कोणत्या गाढवाने एवढे गतिरोधक घातलेत?" मी शेवटी वैतागून म्हणालो.

"मी," सासरे म्हणाले. "मुलांसाठी. सतत पाठपुरावा करून घालून घेतले."

पुढचा गतिरोधक आला तेव्हा ते आपणहून उतरले.

शाळेच्या फाटकाशी सगळी शाळा उभी होती. मुलं रांगेत, शिक्षक नटूनथटून, मुलांचा बँड वाद्यं सरसावून. उशीर झालाच होता, पण लाल गाडी दिसताच टाळ्यांचा कडकडाट झाला. माझी छाती परत फुगली. मी अशी रुबाबात गाडी आणली, अशी अगदी फूटपाथला खेटून लावली की सासऱ्यांनी पाऊल टाकलं की थेट सत्काराला!

त्यांनी दार ढकललं. दार वीतभर उघडलं आणि खर्रकन थांबलं. फूटपाथ उंच, गाडी बुटकी, त्यात सासऱ्यांच्या बाजूला आणखी कललेली. दाराची खालची कड फूटपाथच्या दगडावर चढून रुतून बसली होती! आता ते ना उघडत होतं, ना मिटत होतं.

"बाबा, ओढा!" मी उतरून बाहेरून दार ढकलत ओरडलो.

"ओढतोय!"

"थांबा, गाडी मागे घेतो!"

मी आत बसून गाडी तसूभर मागे घेतली. दारातून असा आवाज निघाला की टाळ्याच थांबल्या.

"घेऊ नका," सासरे म्हणाले.

मग मी सुचवलं की त्यांनी माझ्या सीटवरून, माझ्या दाराने बाहेर यावं. याचा दोष पूर्णपणे माझा. मी उतरलो, पलीकडून दार उघडून धरलं. सासरे सरकायला लागले. गियरचा दांडा ओलांडताना त्यांचा एक पाय इकडे, एक तिकडे आणि कोटाचा खिसा हँडब्रेकमध्ये. त्यांनी आधारासाठी वळायचा प्रयत्न केला आणि ते पाठीने स्टिअरिंगवर टेकले.

पोंऽऽऽऽऽ!

हॉर्न काही थांबेना! आणि बँडवाल्या मुलांना वाटलं हीच सुरुवातीची खूण. त्यांनी जोरात स्वागताची धून सुरू केली. इकडे हॉर्न, तिकडे ढोल, मध्ये काचेतून दिसणारा शाळेच्या मुख्याध्यापकांचा लाल चेहरा. मुलं आधी मान खाली घालून हसली, मग मान वर करून. माझी बायको फुलांचा गुच्छ घेऊन पायरीवर उभी होती. तिने तो हळूच तोंडासमोर धरला.

शेवटी खेळाचे शिक्षक पुढे झाले. त्यांनी शिट्टी फुंकली. "सर्व शिक्षक, गाडीच्या डावी-उजवीकडे! सर, तुम्ही मागे सरका! एक, दोन, उचल!"

गणित, भूगोल, चित्रकला, सगळे विषय वाकले आणि त्यांनी सासऱ्यांसकट गाडी उचलली! दार सुटलं. सासरे हिसडा देऊन मागे सरकले, टर्रकन आवाज झाला आणि ते फूटपाथवर आले. कोटाचा खिसा हँडब्रेकलाच राहिला.

बँड अजून वाजतच होता.

"बँड थांबवा," सासरे म्हणाले. बँड थांबला. त्यांनी फाटक्या खिशावर हात ठेवला, मान ताठ केली आणि आत चालते झाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं, दोन शब्द सुनावले असते, तर बरं वाटलं असतं हो!

सभागृहात मी सगळ्यांत मागे, खांबाच्या आडोशाला उभा होतो. पुढे यायला तोंड नव्हतं. या माणसाने सगळं आयुष्य या एका दारातून ताठ मानेने आत जाण्यात घालवलं, आणि शेवटच्या दिवशी मी त्याला मालासारखा उतरवून घेतला. भाषणं झाली. शिक्षक रडले, शिपाई रडला, माझी बायको तर सुरुवातीपासून रडत होती. सासरे बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज कणभरही हलला नाही. एक हात कोटाच्या भोकावर ठेवून ते खणखणीत बोलले आणि बसले.

कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या नळावर हात धूत होतो. सकाळचं ग्रीसचं काळं निघत नव्हतं. शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. बघतो तर सासरे!

"बाबा," मी म्हणालो, "मला माफ करा. तुमचा दिवस मी वाया घालवला. मला कुठे तोंड लपवावं कळत नाहीये."

त्यांनी नळ बंद केला.

"गेले कित्येक दिवस मला एकच धास्ती होती," ते म्हणाले. "स्टेजवर उभा राहिलो की मला रडू कोसळणार. घरी एकदाही ते भाषण मला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. रोज तिसऱ्या वाक्याला आवाज जायचा. आज मात्र उभा राहिलो, तिसरं वाक्य आलं, आणि समोर खांबामागे तुमचा अर्धा चेहरा दिसला. मला तुमचा इतका राग आला, इतका राग आला, की रडायचं राहूनच गेलं."

माझे डोळे भरून आले. मी ओल्या हातांनी त्यांचा हात धरला. "म्हणजे बाबा, माझा तेवढा तरी उपयोग—"

"हात सोडा," ते म्हणाले. "राग अजून गेलेला नाही."

आणि माझ्या देखत टॅक्सी बोलावून ते घरी गेले. माझी बायको त्यांना पोचवायला सोबत गेली आणि रात्री परत आली. परवा मी हिंमत करून त्यांना फोन केला, अगदी गोड आवाजात विचारलं, "बाबा, कसं वाटतंय घरी?"

"बरं आहे," ते म्हणाले. "फोन माझ्या मुलीकडे द्या."